शांत बेटाचे दार

आमचा एक जुना विद्यार्थी महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत संगणकाचे काम करतो. पाचवीत असताना 'जज़ीरा' या शब्दाचे अनेकवचन 'जज़ाइर' हे आम्ही त्याच्याकडून दहा वेळा लिहून घेतले होते. गेल्या वर्षी तो कंपनीच्या कामासाठी युरोपात गेला आणि परतताना आठवडाभर ग्रीसच्या एका लहानशा बेटावर राहून आला. एका संध्याकाळी एमआयडीसीच्या नाक्यावर चहा पिताना त्याने मोबाइलमधले फोटो दाखवले. पांढरी घरे, निळी दारे, पायऱ्यांवर पसरलेले मांजर, दाराशी खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. "सर, हे बेट कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "इतकं शांत! तिथं काहीच नाही!"

'काहीच नाही' हे शब्द त्याने एखाद्या मिठाईचे नाव घ्यावे तसे घेतले. आम्ही मान डोलावली, पण घरी येईपर्यंत ते शब्द डोक्यात राहिले. कारण हेच शब्द आमची अम्मी गावाबद्दल बोलताना वापरते. आमचे मूळ गाव म्हसळा तालुक्यातले. पुरुष कुवेत-सौदीला गेले, मुले शिक्षणासाठी मुंब्रा-पनवेलला आली, मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांना कुलपे लागली. "जाऊन काय करायचं? आता तिथं काहीच नाही," असे अम्मी म्हणते तेव्हा तिच्या आवाजात मिठाई नसते.

एकाच अवस्थेला बाहेरचा माणूस शांतता म्हणतो आणि आतला माणूस ओसाडी म्हणतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. प्रश्न असा की बाहेरच्याने आतल्याच्या ओसाडीत बसून आपला आराम शोधावा काय? आणि शोधायचाच असेल तर कोणत्या रीतीने?

ग्रीसची लहानमोठी बेटे मोजली तर सुमारे सहा हजार भरतात, असे सांगतात. त्यांपैकी माणसांची वस्ती जेमतेम सव्वादोनशे बेटांवर आहे. सांतोरिनीसारख्या नावाजलेल्या बेटावर कायमचे रहिवासी पंधरा-वीस हजार, आणि २०२३ साली तिथे आलेले पाहुणे तीस लाखांहून अधिक. त्या गर्दीला विटलेला प्रवासी मग 'कुणालाच माहीत नसलेले' बेट शोधत निघतो. अशा कित्येक बेटांवर पिण्याचे पाणी जहाजाने आणावे लागते, समुद्र खवळला की बोट येत नाही आणि कुठे कुठे शाळेत एकदोनच मुले उरलेली असतात. आम्ही मास्तर, त्यामुळे आमचे लक्ष या शेवटच्या गोष्टीवर अडकते. एका मुलाची शाळा ही प्रवाशाला गोड गोष्ट वाटते. त्या मुलाला मात्र मधल्या सुट्टीत खेळायला दुसरा गडी नसतो. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याची कल्पना निघाली, तेव्हा आम्ही शिक्षकांनी किती आरडाओरड केली ते आठवते. पट घसरलेल्या शाळेची शांतता काय असते ते आम्हाला ठाऊक आहे.

हे सगळे घरी बोलून दाखवले तेव्हा बेगम म्हणाल्या, "ग्रीसचं राहू द्या. बारा वर्षं महापेत राहतो, मुलांनी अजून घारापुरी पाहिलेली नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. दिवाळीच्या सुट्टीत, सोमवार टाळून (सोमवारी लेणी बंद असतात), आम्ही निघालो. कोपरखैरण्याहून वाशी, वाशीहून हार्बरने सीएसएमटी, तिथून गेट वे ऑफ इंडिया. बेट आहे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, म्हणजे खाडीच्या आपल्याच बाजूला, समोर न्हावा. आणि आम्ही त्याला भेटायला अख्खी मुंबई ओलांडून उलट्या बाजूने गेलो. बोटीत धाकटीने लाइफ जॅकेट अंगात घालून आरशासारखी बेगमच्या चष्म्यात स्वतःला पाहिले. वाटेत तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, दूरवर अटल सेतू, दुसरीकडे जेएनपीटीच्या क्रेन. तासाभरात शेतबंदरचा धक्का आला.

लेण्यांबद्दल जास्त लिहीत नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कुणा कारागिरांनी डोंगर पोखरून उभे केलेले ते काम पाहून आमचा मोठा, जो एरवी मिनिटभर गप्प राहत नाही, तो तीन मुखांच्या त्या वीस फुटी मूर्तीपुढे खरोखरच गप्प झाला. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पोर्तुगिजांना किनाऱ्यावर दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायला उचलला, उचलताना तो पडून फुटला, आणि आज तो सांधलेल्या अवस्थेत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. एका पाहुण्याने यजमानाचे नाव बदलले, दुसऱ्या पाहुण्याने ज्यावरून नाव बदलले ती वस्तूही नेली. यजमानाला दोन्ही वेळा कुणी विचारले नाही. नाव मात्र अजून चालू आहे; तिकिटावरही आणि आमच्या तोंडातही.

शेतबंदरवर त्या दिवशी जत्राच होती. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळांची, टोप्यांची, दगडी मूर्तींची दुकाने, मक्याची कणसे, आणि कणीस हिसकावणारी माकडे. शांत बेट कुठे आहे ते आम्ही एका दुकानदाराला विचारले. तो हसला. "मोराबंदरला जा. तिकडं कोण येत नाय." घारापुरीत तीन गावे आहेत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. सगळे पाहुणे पहिल्याच गावातून लेण्यांकडे चढतात आणि तिथूनच उतरून बोट पकडतात. आम्ही झाडीतून चालत मोराबंदर गाठले.

आणि खरोखर, तिथे शांतता होती. वाळत घातलेली जाळी, कौलावर ऊन, पलीकडे पाणी आणि त्यापलीकडे न्हावा. इतक्या जवळ मुंबई आहे यावर विश्वास बसू नये अशी ती दुपार होती. एका घराच्या उंबऱ्याशी एक आजी मासे साफ करत बसल्या होत्या. दारातून आतली चूल, भिंतीवरचे कॅलेंडर, एक झोपलेले मूल दिसत होते. उजेड सुरेख पडला होता. आम्ही मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

आजींनी मान वर केली. विळी बाजूला ठेवली. "गुरुजी हायस काय?" त्यांनी विचारले. (खिशातल्या दोन पेनांवरून ओळखले असावे.) आम्ही हो म्हणालो. "मंग पोरांना काय शिकवतोस? फोटो काढला तो इचारून काढला का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. लाज दोन गोष्टींची वाटली. एक तर शेजारी दोन्ही मुले उभी होती. दुसरे असे की आम्ही शाळेत दर वर्षी आदाब शिकवताना सूरह नूरमधला हाच नियम सांगतो: दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, घरच्यांना सलाम करावा, आणि 'परत जा' असे सांगितले तर वाईट वाटून न घेता परत फिरावे. मुलांना आम्ही समजावतो की घरात शिरणे म्हणजे फक्त पाय आत टाकणे नव्हे, नजर आत टाकणेही आले. तेच आम्ही करून बसलो होतो, आणि वर त्याची नक्कल मोबाइलमध्ये ठेवली होती.

फोटो आजींच्या समोरच पुसून टाकला. माफी मागितली. बेगमनी विषय बदलत विचारले की जोहरची वेळ झाली आहे, वजूला थोडे पाणी आणि नमाजला थोडी जागा मिळेल का. "हे इचारलंत ना, मंग घ्या," म्हणून आजींनी कळशी पुढे केली आणि ओटा झाडून दिला. फिक़्हच्या हिशोबाने आम्ही मुसाफिरही नव्हतो. महापे ते घारापुरी हे अंतर कसरला पुरत नाही, चारही रकाती पुऱ्या पढाव्या लागल्या. कळशी उन्हाळ्यात किती जपून वापरावी लागते ते आजींनी नंतर सांगितले. त्यामुळे ते पाणी आठवले की अजून जड वाटते.

नमाजनंतर त्यांनी बसायला सांगितले आणि गप्पा निघाल्या. आम्ही भीतभीत म्हणालो की तुमच्याकडे फार शांत आहे. आजी म्हणाल्या, "शांत कसलं? काहीच नाय इथं." पोरगा आजारी पडला तर बोट. बारावी शिकायची तर बोट. लग्नाचा बस्ता, घराच्या विटा, सगळे बोटीने. मग त्यांनी विजेची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. त्याआधी संध्याकाळी काही तास डिझेलचा जनरेटर चाले आणि मग काळोख. मुंबईचा झगमगाट रोज रात्री समोर दिसे आणि इकडे कंदील. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे! आमच्या मनात आले की त्या सत्तर वर्षांत एखादा शहरी पाहुणा इथे संध्याकाळपर्यंत रेंगाळला असेल तर त्याने तो काळोख पाहून नक्की म्हटले असेल, 'वा, काय चांदणे आहे!'

निघताना आजी स्वतःच म्हणाल्या, "आता काढा फोटो." पदर सारखा केला, नातवाला उठवून मांडीवर घेतला, माशांची परात आत सरकवली. फोटो अगदी साधा आला. दोघेही ताठ बसलेले, नातू झोपेने चिडलेला, उजेड सरकून गेलेला. तो आमच्याकडे आहे, पण इतरांना दाखवायची परवानगी घ्यायची राहून गेली, म्हणून कुणाला दाखवत नाही.

परतीच्या बोटीत आम्ही सूरह नूरच्या त्या आदेशाचा पुढचा भाग आठवत होतो. जे घर कुणी राहत नसलेले आहे आणि जिथे तुमच्या उपयोगाचे काही आहे, तिथे शिरण्यात गुन्हा नाही, अशी सवलत तिथे आहे. तफसीर करणाऱ्यांनी सराया, दुकाने अशी उदाहरणे दिली आहेत. म्हणजे सगळा प्रश्न एका गोष्टीवर येऊन थांबतो: समोरची जागा वस्तीची आहे की रिकामी? आणि आमच्या लक्षात आले की 'शांत', 'अनोळखी', 'कुणालाच माहीत नसलेले', 'काहीच नसलेले' ही जी विशेषणे आपण बेटांना, गावांना लावतो, ती जागेला रिकामी ठरवण्यासाठी लावतो. बेट कुणालाच माहीत नाही म्हणजे कुणाला? तिथल्या म्हाताऱ्याला तर प्रत्येक दगड माहीत आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या फोटोत तो खुर्चीवर बसलेला होता की! पण 'कुणालाच' या शब्दात तो धरलेला नव्हता. एकदा त्याला वजा केले की घर रिकामे झाले, आणि रिकाम्या घरात सलाम कुणाला करायचा?

यावर एक सोपे उत्तर आहे, ते म्हणजे जाऊच नये. काही विचारी माणसे हल्ली असे म्हणतातही. आम्हाला ते पटत नाही. घारापुरीची तीन गावे बहुतांशी पाहुण्यांवर जगतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लेणी बंद झाली, तेव्हा बेटावर जी शांतता पसरली असेल ती कोणत्याही प्रवाशाच्या स्वप्नातली होती; दुकानदारांच्या चुली तिच्यावर पेटत नव्हत्या. न जाण्यात पुण्य आहे असे समजणे म्हणजे पुन्हा आपल्याच मनाच्या समाधानासाठी त्यांना वापरणे. आजींना आमचे येणे खुपले नव्हते. न विचारता पाहणे खुपले होते. ग्रीक भाषेत परका आणि पाहुणा या दोघांना एकच जुना शब्द आहे, क्सेनॉस. परका असलेला माणूस पाहुणा कधी होतो? आमच्या मते यजमान त्याला पाहुणा म्हणतो तेव्हा. स्वतःहून कुणी पाहुणा होत नाही, मग त्याने बोटीचे तिकीट काढलेले असो की हॉटेलचे भाडे भरलेले असो. पैसे दिले म्हणजे पाणी मिळते, ओटा झाडून मिळत नाही.

घारापुरीत आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. बाहेरच्या पाहुण्यांना तिथे रात्री मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने निघावेच लागते. नियम कोणी आणि कशासाठी केला असेल ते असो. यजमानाला अवघडल्यासारखे होईल इतके दिवस पाहुण्याने राहू नये, मेहमानी तीन दिवसांची, अशी हदीस आपल्याकडे लहानपणी शिकवतात. घारापुरीत ती एका दिवसावर आली आहे. रात्र त्यांची. शेवटची बोट सुटल्यावर दुकानदार फळ्या लावतात, माकडे झाडांवर जातात, आणि मग बेटावर जी शांतता उतरत असेल ती पाहण्याचा आमचा हक्क नाही. ती कशी असेल याची कल्पना करायची आणि गप्प बसायचे.

महापेला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. कंपन्यांचे दिवे, शिळफाट्याकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगा, पारसिकच्या डोंगराचा काळा आकार. आणि तिथे रस्ता ओलांडताना आमच्या दुसऱ्या चुकीची आम्हाला आठवण झाली, जी बारा वर्षे जुनी आहे. आम्ही इथे भाड्याने राहायला आलो तेव्हा नातेवाइकांना सांगितले होते, "महापे म्हणजे काय, नुसत्या कंपन्या. तिथं काही नव्हतंच." काही कसे नव्हते? गाव होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांची भातशेती होती, खाडीची मासेमारी होती. साठच्या दशकात एमआयडीसीने इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात केली, १९७० मध्ये सिडको आली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे झालेल्या गोळीबारात पाच माणसे गेली, मग साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मान्य झाला. आमच्या इमारतीखाली रोज सकाळी एक आगरी काका पेपर वाचत बसतात. बारा वर्षांत त्यांच्याशी आमचे बोलणे 'लाइट गेली काय?' याच्या पुढे गेले नव्हते.

विनोद असा की ज्या महापेची शांतता गेली, तिथल्याच काचेच्या इमारतींत बसणारी आमची मुले शांतता शोधायला ग्रीसपर्यंत जातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना सलाम केला आणि विचारले की आमची इमारत आहे तिथे पूर्वी काय होते. त्यांनी पेपर घडी घालून मांडीवर ठेवला आणि पाऊण तास बोलले. कोणता बांध कुणाचा, पावसाळ्यात डोंगरावरून पाणी कसे यायचे, कुठे विहीर होती. "बारा वर्षं झाली, इचारलं कुणी नाय," असे म्हणाले नाहीत, पण आम्हाला ते ऐकू आले. तेव्हापासून रोज थोडे बोलणे होते. पाहुणे म्हणून आम्हाला घेतले आहे की नाही ते अजून त्यांनी सांगितलेले नाही.

आता घरातली गोष्ट. कुवेतहून आमच्या चुलतभावाचा महिनाभरापूर्वी फोन आला. गावच्या घराची त्याने दुरुस्ती केली आहे. ते पर्यटकांना भाड्याने द्यावे असा त्याचा बेत आहे. कोकणात हे आता सर्रास चालते, 'निवास व न्याहारी' योजनाही आहे. कुलूप लावून वाळवीला घर देण्यापेक्षा हे बरे, त्याचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. घराचा पैसा येईल, शेजारच्या चाचींना स्वयंपाकाचे काम मिळेल. अम्मी एवढेच म्हणाली, "येणारी माणसं चाचींच्या अंगणातून जाणार. वाट तीच आहे."

जाहिरातीचा मजकूर मराठीत लिहून द्यायचे काम आमच्याकडे आले. भावाने नमुना पाठवला होता: 'शांत, अनोळखी गाव. इथे काहीच नाही, फक्त तुम्ही आणि समुद्र.' आम्ही 'अनोळखी' खोडले, मग 'काहीच नाही' खोडले, मग 'फक्त तुम्ही' खोडले. त्या जागी लिहिले: 'गावात चाळीस घरे आहेत, त्यांपैकी एकवीस उघडी आहेत. किल्ली शेजारच्या चाचींकडे मिळेल. आधी त्यांच्या दारी जावे, सलाम किंवा नमस्कार करावा आणि विचारून अंगणात यावे. त्या नमाजला बसल्या असतील तर थांबावे.'

भावाने वाचून परत फोन केला. "भाईजान, हे वाचून येणार कोण?"

कागद अजून टेबलावर आहे. अम्मीला दाखवला तर तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली की उघडी घरे एकवीस नव्हेत, वीस. गेल्या रमजाननंतर हाजीसाहेबांचेही कुलूप लागले.